सारंगी कुठून आली?

चार वर्षांपूर्वी आमच्या गावात, इकडं दारव्ह्याकडं, कापसावर माहितीपट काढायला शहरातली पोरं आली होती. पोरं गुणी. आमच्या मोठेबाबांना पऱ्हाटीत उभं करून दोन दिवस शूटिंग केलं. मोठेबाबांनी तंबाखू मळत त्यांना पोळ्यात तोरण तोडून पळालेल्या बैलाचा किस्सा सांगितला, सगळे पोट धरून हसले.

पुढं तो माहितीपट शाळेत दाखवला. किस्सा गायब! मोठेबाबा दुपट्टा बांधत आभाळाकडं पाहतात आणि मागं सारंगी रडते. अंधारात त्यांचा आवाज आला, "काऊन रे, मी मेलो काय? हे रडणं कायले लावलं?"

तेव्हापासून माहितीपट लागला की मी आधी कान लावतो.

१९३६ चा 'द प्लाव दॅट ब्रोक द प्लेन्स' यूट्यूबवर आहे, अर्ध्या तासाच्या आतला. आमचीच गोष्ट वाटते: अमेरिकेतला गवताळ माळ नांगरला, गहू पेरला, भाव चढले, मग पाऊस दडला आणि माती उडाली. दिग्दर्शक पेअर लॉरेंट्झ, संगीत व्हर्जिल थॉमसनचं. (याच थॉमसनला पुढं 'लुइझियाना स्टोरी'च्या संगीतासाठी १९४९ चं पुलित्झर मिळालं.) गुरांच्या दृश्यांना त्यानं तिथल्या गुराख्यांचीच गाणी घेतली. आणि गव्हाच्या तेजीला चक्क जॅझ! ड्रमवाला बडवतोय, शेअरबाजाराचं यंत्र भावाच्या पट्ट्या ओकतंय, अन् शेवटी ते यंत्रच पडून फुटतं. आधी असं नाचवलंय म्हणून नंतरची धूळ डोळ्यांत जाते. आमच्याकडं कापसाला भाव आला त्या वर्षी बँडबाज्यावर कोण कसं नाचलं होतं, ते कुठल्या माहितीपटात आलं?

त्याच वर्षी इंग्लंडात टपालगाडीवरच्या 'नाइट मेल' या माहितीपटासाठी संगीतकार बेंजामिन ब्रिटननं आगगाडीची लय धरायला वाद्यांच्या जोडीला सँडपेपरसुद्धा घासला. त्यातली कवी ऑडनची कविता त्या चाकांवरच धावते. मग आमच्याकडं काय कमी आहे? जिनिंगचा घरघराट आहे, पोळ्यात म्हणायच्या झडत्या आहेत, दंडारीच्या लोकनाट्याचा ढोल आहे. माईक तिकडं वळवायला पैसे पडत नाहीत. तयार सारंगी मात्र कॉम्प्युटरवर एका क्लिकवर मिळते, तिथंच घोळ.

शूटिंगचा दुसरा दिवस गुरुवार होता. गुरुवारी रात्री देवळात राष्ट्रसंतांची भजनं असतात आणि खंजिरी मोठेबाबांकडं असते. त्या दिवशी त्यांनी ती असली घुमवली की पोरंटोरंही जागची हलली नाहीत.

शूटिंगवाले तोवर लॉजवर जाऊन झोपले होते.