पुन्हा तेच इन्स्टॉल!

या जुन्या नेटबुकवर (छोट्या लॅपटॉपवर) लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम परत टाकायची म्हटलं की डोकंच फिरतं. स्क्रीन १०२४ बाय ६००ची आणि इन्स्टॉलरची विंडो त्याहून उंच. ‘पुढे’चं बटण खाली गायब! मग ऑल्ट दाबून धरा, विंडो माउसने वर ओढा, तेव्हा कुठे ते दर्शन देणार. दर वेळी!! वायफाय चालत नाही, कारण फर्मवेअर (वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाही; आणि फर्मवेअर डाउनलोड करायला हवं काय, तर वायफाय. वा रे वा! त्यात प्रोसेसर ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचा. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या १३व्या आवृत्तीत (२०२५) त्याचा इन्स्टॉलरच नाही, म्हणजे जुनी १२ शोधत बसा. वर लोक सांगणार, ‘लिनक्स जुन्या मशीनसाठीच असतं हो!’ असतं ना. एक जीबी रॅमवर ब्राउझरचे चार टॅब उघडून दाखवा मग.