सभागृहात बोलून काय होतं? : पाथरीकडच्या एका माजी सरपंचांना उत्तर

अण्णा, नमस्कार.

कंधारचे माजी आमदार केशवराव धोंडगे आणि एकूणच आपल्याकडच्या आमदारांचं सभागृहातलं बोलणं यावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही लिहिलंत : "मास्तर, भाषणानं नळाला पाणी येत नसतं. आमच्या आमदारानं पाच वर्षांत सभागृहात तोंड उघडलं नसंल, पण त्याच्या दारातून दवाखान्याची चिठ्ठी घेतल्याबिगर कुणी माघारी आलं नाही. रस्ता केला, सभामंडप दिला. तुम्ही प्रश्न मोजत बसलात. आमच्या गावात टाकी बांधून दोन वर्षं झाली, थेंब नाही. ती भाषणानं भरंल का?"

दोन दिवस हे डोक्यात होतं. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही.

आधी माझी चूक. कोणत्या आमदारानं किती प्रश्न विचारले हे मी मांडलं आणि त्यावरून कोण जागा, कोण झोपलेला असा निकाल देऊन टाकला. तो चुकलाच. एकेका प्रश्नावर दहा-पंधरा सदस्यांची नावं रांगेनं छापलेली असतात, त्यातल्या किती जणांनी तो प्रश्न वाचलेला असतो हे सांगता येत नाही. एखाद्या अधिकाऱ्याला घाम फोडायला म्हणूनही प्रश्न टाकले जातात. तुम्ही सरपंच होता, हे तुम्ही जवळून पाहिलंय. संख्या मी मागे घेतो.

चिठ्ठीला मात्र मी हलकं म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. माझ्या वडिलांना नांदेडला खाट मिळाली ती अशाच एका चिठ्ठीवर. रात्री अकरा वाजता ती लिहून देणाऱ्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या रात्री व्हरांड्यात आणखी चार-पाच घरची माणसं आपापला पेशंट घेऊन बसली होती आणि त्यांच्याकडं चिठ्ठी नव्हती. खाटा किती, डॉक्टरांच्या जागा किती रिकाम्या, त्या का भरल्या नाहीत, हे विचारायची जागा आमदाराच्या बैठकीत नाही. आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्या सभागृहात येतात तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, देऊन ते विचारता येतं. तिथं आपला माणूस गप्प बसला तर पुढच्या वर्षीही चिठ्ठीच लागते.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. तिच्या तोंडी एकच शब्द असायचा : "काम निघालं." सरकारनं काढलं तर काम, नाही तर नाही. हे बदललं ते रोजगार हमीनं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. दुष्काळानं ती राज्यभर नेली. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम. मग १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मोर्चे निघाले, मोठे निघाले, त्यांच्याशिवाय हे झालं नसतं. पण मोर्चाची मागणी कलमांत बसवली ती सभागृहानं. त्यानंतर काम मागणं हा हक्क झाला. आजीला त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

आता पाण्याचं बोलू, कारण तुमचा टोमणा पाण्याचाच आहे. तुमच्या शिवारात येतं ते जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी. वर नगर-नाशिकची धरणं भरलेली आणि पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उघडा पडलेला, अशा वर्षी वरून पाणी सोडावं लागतं. कशाच्या जोरावर? २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात कलम १२ (६) (ग) आहे. टंचाई सगळ्या खोऱ्यानं सारखी सोसायची, म्हणून ऑक्टोबर अखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायच्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी ठेवायची, असं ते सांगतं. पुढं मेंढेगिरी समितीनं त्याचं गणित बसवलं. जायकवाडीत ६५ टक्के साठा असेल तर वरून सोडायची गरज नाही, नसेल तर सोडायचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये हे कलम टिकलं. अण्णा, एवढीशी ओळ आहे ती. ती कायद्यात नसती तर आपण दर दुष्काळात वरच्या लोकांची मनधरणी करत बसलो असतो. आणि ती बदलण्याचा किंवा बोथट करण्याचा डाव कधी आला तर तो विधेयक म्हणूनच येईल. कदाचित अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, दहा विधेयकांच्या ढिगात येईल. त्या दिवशी तिथं ते वाचून उभा राहणारा माणूस आपल्याला हवा. सभामंडप देणारा हवाच, पण तो वाचणाराही हवा.

निधीचं म्हणाल तर आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तुमचा रस्ता त्यातूनच झाला असेल, चांगलं झालं. पण दांडेकर समितीनं १९८४ साली एकट्या मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजला तो ७५० कोटींवर होता, त्या वेळच्या रुपयांत. आमदार निधीनं तो भरला जाणार नव्हता. आपण संयुक्त महाराष्ट्रात अट न घालता आलो. घटनेच्या ३७१ (२) कलमात वैधानिक विकास मंडळाची, म्हणजे मागं राहिलेल्या भागाचा हिस्सा बघणाऱ्या मंडळाची, तरतूद १९५६ लाच झाली, आणि मंडळं आली १९९४ ला. मधल्या काळात मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं रस्त्यावर होती. २६ जुलै १९८४ ला दोन्ही सभागृहांनी मंडळांसाठी ठराव केला, त्यालाही आणखी दहा वर्षं लागली. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. तेव्हापासून आपला हिस्सा मोजून राज्यपालांपुढं ठेवणारी ती यंत्रणा नाही. आपल्या आठ जिल्ह्यांतल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून यावर एकदा तरी दिवसभर चर्चा मागावी, असं मला फार वाटतं. यावर मी शांतपणे लिहू शकत नाही.

धोंडगे हयातभर शेतकरी कामगार पक्षात, म्हणजे बहुतेक काळ विरोधी बाकावर. सत्ता नसलेल्या माणसाच्या हातात बोलणं सोडून काय असतं? कंधारच्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं आणि १९७७ ला नांदेडनं लोकसभेत पाठवलं. त्या लोकांना रस्ते नको होते असं नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्या गावचा पाझर तलाव कागदावर पूर्ण होता, प्रत्यक्षात बांध एका बाजूनं खचलेला. अर्ज देऊन देऊन आम्ही थकलो. मग शेजारच्या मतदारसंघातल्या एका सदस्यानं तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकला. तो काही तोंडी चर्चेला आला नाही, उत्तर छापून आलं : "हे अंशतः खरे आहे." चारच शब्द. पण तोवर प्रत्येक कार्यालय आम्हाला "तक्रारीत तथ्य नाही" असंच लिहून देत होतं. तो कागद घेऊन आम्ही गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिल्यांदा बसा म्हटलं. बांध दुरुस्त व्हायला पुढं दोन पावसाळे गेले, हेही सांगायला हवं. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द नोंदला जातो, आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. बैठकीत दिलेला शब्द चहाच्या कपाबरोबर उचलला जातो.

तर तुमची टाकी. तुमचे आमदार भले आहेत असं तुम्हीच म्हणता, मग त्यांच्याकडं या वेळी चिठ्ठीऐवजी हे घेऊन जा. मी मसुदा करून ठेवलाय, गावाचं नाव आणि तारीख तुम्ही भरा :

"(१) मौजे ...... (ता. पाथरी, जि. परभणी) येथील नळ पाणीपुरवठा योजनेच्या टाकीचे काम पूर्ण होऊन दोन वर्षे झाली तरी ग्रामस्थांना पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, योजनेवर आतापर्यंत किती खर्च झाला, ठेकेदारास किती देयक अदा केले व काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला?
(३) असल्यास, याप्रकरणी चौकशी करून कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावं लागतं, म्हणून घाई करा. उत्तर छापून आलं की फोटो पाठवा.