कोड्यापलीकडचे आकर्षण

कालप्रवासाच्या मालिका लोक कोडे सोडवण्यासाठी पाहतात, हे एका लेखात वाचलेले मत मला अपुरे वाटते. २०१७ मध्ये आलेल्या ‘डार्क’ या जर्मन मालिकेत ३३-३३ वर्षांच्या अंतरावरच्या काळांची गुंतागुंत आहेच, पण मन अडकते ते हरवलेल्या मुलाच्या शोधात भलत्याच काळात जाऊन पोहोचलेल्या बापापाशी, कारण म्हातारपणी मुलगा समोर येऊनही त्याला घरी नेणे बापाला जमत नाही. दापोलीच्या आमच्या घरात माजघराच्या खांबावर आजोबांनी कोयतीने केलेल्या आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत. गणपतीला गेलो की सर्वांत खालच्या खुणेवर माझे बोट आपोआप थांबते, आणि अशा मालिका पाहताना मला नेमकी तीच खूण आठवते.