आमच्या घरातला संप

ज्यानं ज्यानं मला "समुद्री माशांच्या टाकीला संप पाहिजेच" म्हणून सांगितलं, त्या प्रत्येकाला रात्री पावणेतीनला उठवून, हातात फडकं देऊन माझ्या हॉलमध्ये ओणवं बसवायचंय. फरशीवर समुद्र. सांगलीत!

टाकी केवढी माझी? दोन फूट लांब, एक फूट रुंद, ४० सेंटीमीटर उंच. काठोकाठ भरली तरी ७२ लिटर. आत दोन क्लाउनफिश, थोडे मऊ कोरल, चार गोगलगायी. एवढ्या संसारासाठी खाली कपाटात दुसरी टाकी, तिलाच म्हणायचं संप. त्यात फेसातून घाण काढणारा स्किमर, हीटर, पाणी परत वर पाठवणारा रिटर्न पंप आणि वर काठाला टांगलेला, वरचं पाणी सायफननं खाली सोडणारा ओव्हरफ्लोचा डबा. आईला म्हटलं, संप बसवतोय. ती म्हणाली, "कुणाचा? एसटीचा?" तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

पण नाही. दुकानदार म्हणाला, "भावा, संपाशिवाय कोरलची टाकी म्हणजे खेळ हाय नुसता." मित्र म्हणाला, पाणी जेवढं जास्त तेवढं ते स्थिर राहतं. खोटं नाही ते. सहा फुटी टाकी असती तर मीच संप मागितला असता. हीटर आणि स्किमर नजरेआड जातात, बाष्पीभवनानं पातळी उतरते ती खाली, वरची टाकी भरलेलीच दिसते. पण दोन माशांची घाण ती केवढी? खरं काम टाकीतल्या दगडांतले जिवाणू करतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट. उरलेलं नायट्रेट दर रविवारी १० लिटर पाणी बदललं की हटतं. ते मी आधीपासून करतच होतो की!

आणि मला एकानंही, एकानंही विचारलं नाही, की बाबा, तुझ्याकडे लाइट किती वेळा जाते?

लाइट गेली. पंप थांबला. रिटर्नच्या पाइपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली ८ सेंटीमीटर होतं. झाला सायफन सुरू, पाणी उलटं खाली. आता हिशेब करा, मी नंतर केला. ६० गुणिले ३० गुणिले ८, म्हणजे १४ लिटरच्या वर. खालच्या संपात जागा किती उरलेली? साडेपाच. बाकीचे नऊ लिटर कपाटातून हॉलमध्ये, हॉलमधून भिंतीच्या कडेनं खाली. खाऱ्या पाण्यात लिटरमागं ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तीनशे ग्रॅम मीठ मी स्वतःच्या हातानं घरात शिंपडलं. प्लायवूड पापडासारखं फुगलंय. फरशीच्या सांध्यांतून पांढरा थर अजून वर येतोय, पुसलं की परत दुसऱ्या दिवशी हजर.

सकाळी सहाला खालच्या मजल्यावरचे काका दारात. आम्ही गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं बघितलेली माणसं आम्ही, पाण्याच्या बाबतीत आधीच हळवी. काका शांतपणे म्हणाले, "त्या वर्षी कृष्णा खालनं आली होती. तुम्ही आता वरनं आणताय काय?" काय बोलणार? त्यांच्या छताला मी रंग लावून देतोय.

मग सल्लागार जागे झाले. "पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडायचं असतंय, हवा शिरली की सायफन तुटतो." असं? हे पैसे घेताना का नाही सुचलं? आणि त्या भोकात शेवाळ बसलं तर? "मग चेक व्हॉल्व्ह लाव, पाणी उलटं येऊच देत नाही तो." त्यात गोगलगाय अडकली तर? उत्तर नाही. बरं, लाइट परत आल्यावर काठावरच्या डब्यानं सायफन धरला नाही, तर उलटा तमाशा, पंप खालचं पाणी वर फेकत राहणार आणि वरचं जमिनीवर. दोन्हीकडून मरण माझंच. शिवाय तो पंप पाण्यात उष्णता सोडतो ती वेगळीच. एप्रिलात इथं पंख्याखाली माणूस शिजतो, आणि त्या बिचाऱ्या माशांना २५-२६ अंश पाहिजे.

मागच्या रविवारी सगळं उपटून काढलं. मागं काचेला अडकवायचा फिल्टर लावला, पाणी हलतं ठेवायला एक छोटा वेव्हमेकर टाकला, आणि तो तेवढा इन्व्हर्टरवर घेतला. बाष्पीभवन झालं की पट्टीनं मारलेल्या खुणेपर्यंत आरओचं गोडं पाणी मी हातानं घालतो, सकाळी चहा उकळेपर्यंत होतं ते. मीठ उडून जात नाही, पाणीच उडतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. मासे पहिल्यासारखेच भांडतायत.

काल दुकानदाराचा फोन. "भावा, संप काढलास म्हणं? मोठी टाकी घे की मग, संप वाया जायचा नाही."

वाया कुठं गेलाय? आईनं त्यात कांदे भरलेत.