रविवारच्या चुलीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

माननीय वाचक,

गुरुवारच्या चकोल्या आणि रविवारचा ब्रंच या विषयावरील माझ्या गेल्या महिन्यातील लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि चार दिवस उत्तर न देता थांबले, कारण पहिल्याच दिवशी लिहिले असते तर ते चारचौघांत ठेवण्यासारखे झाले नसते. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या घरी दर गुरुवारी होणाऱ्या चकोल्यांविषयी, म्हणजे आमटीत शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांविषयी, आणि आजारपणातल्या मऊभात-मेतकुटाविषयी मी त्यात लिहिले होते, आणि महिन्यातून एका रविवारी आम्ही सगळे साडेदहा-अकराच्या सुमारास बाहेर जाऊन न्याहारी आणि जेवण एकत्रच घेतो, त्याचा आनंदही सांगितला होता. त्यावर आपले आक्षेप असे की चकोल्यांच्या कृतीत चूक आहे, चौघांच्या बाहेरच्या बिलात घरचा आठवड्याचा किराणा येतो, आणि घरच्या पदार्थांचे गोडवे गाताना ते रांधणाऱ्या बाईच्या कष्टांविषयी मी एक ओळही लिहिलेली नाही. त्यानंतर आपले शेवटचे वाक्य येते, ते जसेच्या तसे उतरवते: ‘ताई, ज्या घरात रविवारी चूल पेटत नाही त्या घराने चकोल्यांच्या गोष्टी सांगू नयेत, हे सगळे शहरी चोचले आहेत.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे. कणीक ‘सैल भिजवावी’ असे लेखात गेले होते, ते ‘घट्ट’ असे हवे होते. सैल कणकेच्या चकोल्या उकळत्या आमटीत पडताक्षणी एकमेकींना चिकटतात आणि पातेल्याच्या तळाशी पिठाचा लगदा बसतो. लिहिताना झालेली ही चूक मी दुरुस्त केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल आपली आभारी आहे. किराण्याच्या हिशेबाबद्दल म्हणाल तर माझ्या घरचा हिशेब मी स्वतः लिहिते आणि तो जुळतो. कष्टांच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की तो लेख चवीविषयी होता, आणि एका लेखात सगळेच सामावत नाही. आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळते, कारण चार दिवस माझ्या मनात तेच घोळते आहे.

त्या वाक्याची सुरुवात ‘ताई’ या शब्दाने होते. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते आणि तिला मी ताई म्हणते. भांडण झाले तरी ती हाक मायेची असते, कारण तिच्यामागे एका घरात एकत्र काढलेली वीस वर्षे आहेत. आपली-माझी ओळख नाही. आपण नावही दिलेले नाही. अशा वेळी ताई म्हणून जवळीक साधायची आणि त्याच वाक्यात ‘सांगू नयेत’ असे बजावायचे, ही रीत मला अपमानास्पद वाटते. ‘सांगू नये’ हा निर्णय आपण कोणत्या अधिकाराने दिला, हे मी चार दिवस शोधते आहे.

दुसरा शब्द ‘चोचले’. हा शब्द मी माझ्या लहानपणी पुष्कळ ऐकलेला आहे आणि तो कोणासाठी वापरला जाई हेही मला नेमके आठवते. भावाने तव्यावरची गरम पोळी मागितली तर त्याला भूक लागलेली असे; तीच पोळी आम्ही बहिणींनी मागितली तर ते चोचले असत. काकांना दुपारी चहा लागे, आणि काकूने एखाद्या दिवशी आपल्यासाठी वेगळा, आले घातलेला चहा ठेवला तर ते चोचले असत. हा शब्द आपण जाणूनबुजून वापरला असे मी म्हणत नाही, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या बाईने तो आपल्याविषयी वाचावा आणि तिला काहीच वाटू नये, अशी अपेक्षाही आपण करू नये.

मुळात आपण लेख नीट वाचलेला नाही. महिन्यातून एकच रविवार आणि तोही सकाळपुरता, असे मी पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते. त्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड असतो, हेसुद्धा तिथे आहे. म्हणजे चूल, अर्थात गॅस, पेटतोच. महिन्याला साठ वेळचे जेवण धरले तर त्यातले एक बाहेर होते, आणि एवढ्यावरून माझ्याकडून चकोल्यांविषयी बोलण्याचा हक्क काढून घेतला जातो.

तो हक्क मला कुठून मिळाला, हेही सांगते. माझे माहेर कोरेगाव तालुक्यातले. घरात नऊ माणसे, वाघ्या घेवड्याची आमटी आठवड्यातून दोनदा ठरलेली, आणि ज्या दिवशी भाजी नसेल त्या दिवशी चकोल्या. नागपूरकडच्या माझ्या जाऊबाई त्यांना वरणफळे म्हणतात आणि गुजरातेत त्यांच्याच जातीची दाळढोकळी होते, परंतु माझ्या जिभेवर नाव आहे ते चकोल्यांचेच. आई तूरडाळीची चिंचगुळाची आमटी पातळसर करून उकळत ठेवी. पोळपाटावर मोठी पोळी लाटून ती सुरीने तिरके छेद देत शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडी, आणि एकेक तुकडा आमटीच्या उकळीत, जिथे बुडबुडा फुटत असेल नेमका तिथे सोडी, म्हणजे तो खाली न बसता लगेच फिरू लागे. डाव घालून ढवळायची तिची सक्त मनाई होती. पातेले दोन्ही कानांना फडक्याने धरून नुसते हलवायचे. शिजलेल्या चकोल्या वर आल्या की पहिली चकोली ती डावात घेऊन फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवी आणि विचारी, ‘कच्ची लागते का?’ मेथी आणि गोडा मसाल्याचा वास, हाताला बसणारा चटका आणि आईचा तो प्रश्न, हे माझ्यापाशी आहे म्हणून मी चकोल्यांविषयी लिहिते.

चकोल्यांचा एक गुण आपल्यालाही ठाऊक असेलच. त्या पानात पडल्या पडल्या खाव्या लागतात. पाऊण तासाने त्या आमटी पिऊन घट्ट होतात. नऊ माणसांची पंगत उठेपर्यंत पाऊण तास सहज जाई. त्यामुळे आई जेवायला बसे तेव्हा पातेल्यात उरलेल्या गोळ्यात ती तांब्याने कढत पाणी ओती, डावाने मोडून घेई आणि तसेच खाई. मला कितीतरी वर्षे असे वाटत होते की तिला चकोल्या तशाच आवडतात.

वडील आजारी पडले तेव्हा चौदा महिने त्यांना मऊभात, मेतकूट आणि साजूक तूप एवढेच चाले, आणि ते मी माझ्या हाताने केले. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू वेगवेगळे मंद आचेवर भाजून, धणे, जिरे, मेथी, सुंठ, हिंग आणि हळद घालून दळलेले मेतकूट मी त्या काळात कधीही विकत आणले नाही. भात इतका मऊ लागे की चमचा उलटा केला तरी त्याचा थेंब व्हावा. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. आपण ‘ज्या घरात’ असे म्हणालात, म्हणून ते घर कोणते ते सांगते.

वडील २०१० साली गेले आणि आई पुण्याला आमच्याकडे आली. पुढच्या वर्षी एका रविवारी आम्ही तिला फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत नेले. दाराशी नाव सांगून अर्धा तास उभे राहावे लागले, तेव्हा ती दोनदा म्हणाली की एवढ्या वेळात घरी पोहे झाले असते. मग टेबल मिळाले. मसाला डोसा आला, तो तव्यावरून थेट तिच्या पुढ्यात. तिने सवयीने ताटली उचलून माझ्या मुलाकडे सरकवली. मुलाने ती परत तिच्यापुढे ठेवली आणि सांगितले की आजी, त्याचा वेगळा येतो आहे. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, डोशाच्या कडेचा कुरकुरीत तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि म्हणाली, ‘गरम आहे गं.’ वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ती सगळ्यांच्या आधी, गरम घास खात होती. आपण ज्याला चोचले म्हणता ते हे आहे. आपल्या प्रतिक्रियेतील प्रत्येक शब्दाला मी उत्तर देऊ शकेन, परंतु त्या सकाळीविषयी कोणी वाकडे बोललेले मला सहन होणार नाही.

ब्रंच हा परका प्रकार आहे असे आपल्याला सुचवायचे असावे. शब्द परका आहे, यात वाद नाही. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने रविवारी चर्चहून आल्यावरच्या जड जेवणाऐवजी उशिराच्या सकाळी हलके खाणे घ्यावे, असा आग्रह धरला आणि त्या खाण्याला हे नाव वापरले. परंतु सकाळी दहा-अकराला पोटभर खाण्याची रीत आपल्याला कोणी इंग्रजाने शिकवलेली नाही. आमच्या रानात पहाटेपासून राबलेल्या माणसांना त्याच सुमारास भाकरी, पिठले, कांदा आणि ठेचा फडक्यात बांधून जाई, तिला न्याहारी म्हणत, आणि त्या न्याहारीवर माणूस उन्हे कलेपर्यंत काम करी. पुण्या-मुंबईच्या जुन्या नोकरदार घरांत साडेनऊला वरणभात जेवूनच कचेरी गाठायची पद्धत होती. बाहेर खाण्याचेही तसेच. दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० पासून आणि पुण्यात डेक्कनवर गुडलक कॅफे १९३५ पासून चालत आलेले आहे. तेव्हा हे खूळ कालपरवाचे नाही आणि ते मी आणलेले नाही.

बाहेरचे अन्न म्हणजे मायेविना शिजवलेले अन्न, असा एक सूर आपल्या वाक्यात मला ऐकू येतो आणि तो मला सर्वांत जास्त लागला आहे. माझे थोरले चुलते परळच्या गिरणीत होते आणि एकोणीस वर्षे लालबागच्या एका खाणावळीत जेवले. ती खाणावळ म्हणजे चाळीतली दहा-बारा फुटांची खोली होती, आणि तिथली बाई पहाटे उठून पंधरावीस गिरणी कामगारांच्या भाकऱ्या थापी. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हा इतिहास आहे. चुलते गावी आले की आजीच्या हातच्या आमटीत कोकम कमी आहे असे म्हणत, कारण त्यांच्या जिभेला त्या खाणावळवाल्या मालवणी बाईच्या हाताची सवय झाली होती. आजीला राग येई. तरीही चुलत्यांना परगावात एकोणीस वर्षे कोणी जगवले, हे आजी जाणून होती, आणि गावाहून परतताना त्या बाईसाठी घेवड्याची पुरचुंडी ती न विसरता त्यांच्या पिशवीत घाली.

आता मला एक विचारायचे आहे, आणि येथे माझा ‘आपण’ सुटतो आहे, त्याला इलाज नाही. तुमच्या घरी रविवारी चूल पेटते, हे तुम्ही अभिमानाने सांगितलेत. ती पेटवते कोण, ते सांगितले नाहीत. तुम्ही स्वतः पेटवत असाल तर मी तुमची क्षमा मागेन. नसाल, तर महिन्यातला एक रविवार त्या व्यक्तीला विचारून पाहा. हे मी रागाने लिहिले आहे. लिहून झाल्यावर रात्रभर तसेच ठेवले, सकाळी पुन्हा वाचले आणि खोडले नाही.

आपली प्रतिक्रिया काल मी आईला वाचून दाखवली. शेवटचे वाक्य वगळावे असे मनात होते, पण तिच्या पुढ्यात बसून ते जमले नाही. तिने सगळे ऐकून घेतले. चुलीविषयी ती काही बोलली नाही. कणीक घट्टच हवी, हे त्यांनी बरोबर सांगितले आहे, असे ती म्हणाली, आणि पुढचे आपल्याला कळवायला तिने मला बजावले, म्हणून कळवते: दोन वाट्या कणकेला दोन चमचे डाळीचे पीठ, चिमूटभर हळद, हातावर चोळलेला ओवा आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालावे, कणीक वीस मिनिटे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी, आणि सगळे जण पानावर बसल्याशिवाय चकोल्या आमटीत सोडू नयेत.