नुसतं ‘हलवलं’ होतं म्हणे!

काका-काकू उन्हाळ्यात इस्तंबूल-कॅपाडोशिया करून आले. बलून झाले, तुर्की मिठाई वाटून झाली, निळ्या डोळ्याची कीचेन प्रत्येकाच्या घरी पोचली. मागोमाग फॅमिली ग्रुपवर त्यांच्या गाइडने दिलेला एक लांबलचक मेसेजही येऊन पडला: ‘आर्मेनियन नरसंहार – पाश्चात्त्यांचे शंभर वर्षांचे असत्य.’ पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्यातल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची हद्दपारी आणि कत्तल झाली, ती झालीच नाही असा त्याचा सूर. सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बाण. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

अशा मेसेजच्या वाटेला मी जात नाही. पण नववीतली भाची वक्तृत्व स्पर्धेसाठी याच विषयाची तयारी करत होती. शनिवारी ती विचारायला लागली, “मावशी, आजोबा म्हणतात ते सगळं खोटं होतं. विषय बदलू का?” तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं. मुद्दे क्रमाने घेणार नाही. ज्यावर माझं डोकं फिरलं तिथूनच सुरुवात करते.

चौथा मुद्दा म्हणतो, ‘आजवर एकाही न्यायालयात हे सिद्ध झालेले नाही.’

काका, तुम्ही ग्रँड बझारमध्ये दिवे घेतलेत ना? त्याला लागूनच बेयाझितचा चौक आहे. त्या चौकात १० एप्रिल १९१९ रोजी मेहमेद केमाल नावाच्या माणसाला जाहीर फाशी दिली. हा बोआझलियान तालुक्याचा प्रमुख अधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत तिथला प्रांताधिकारी. योझगात भागातल्या आर्मेनियनांच्या कत्तलीबद्दल त्याला शिक्षा झाली होती. ती कुणी दिली? ऑटोमन लष्करी न्यायालयाने. न्यायाधीश तुर्क, सरकार सुलतानाचं. त्याच खटल्यांमध्ये ५ जुलै १९१९ रोजी युद्धकाळात साम्राज्य चालवणाऱ्या तलात, एन्व्हर आणि जेमाल या तीन पाशांना आणि त्यांच्या पक्षाचा पुढारी डॉ. नाझिमला त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. गैरहजेरीत, कारण युद्ध हरताच हे सगळे जर्मन जहाजातून पळाले होते. आरोपपत्रं आणि निकाल ‘तकविम-इ-वेकायी’ या सरकारी राजपत्रात छापून आले. अंक आजही उपलब्ध आहेत. पुरावा म्हणून वाचल्या गेल्या त्या त्यांच्याच खात्यांच्या सांकेतिक तारा. तिसऱ्या सैन्याचा सेनापती राहिलेल्या वेहिप पाशाने तर लेखी जबानी दिली, की हे सारं ठरवून झालं आणि ठरवणारे सत्ताधारी ‘इत्तिहाद’ पक्षाच्या मध्यवर्ती समितीतले होते.

इथे एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने का होईना. त्या वेळी इस्तंबूलवर ब्रिटिशांची पकड होती. त्यांना खूश केलं तर तहात जरा सवलत मिळेल, हा हिशेब सुलतानाच्या सरकारच्या डोक्यात होताच. हे काही आदर्श न्यायालय नव्हतं. पण ‘न्यायालय सदोष होतं’ हे एक आणि ‘न्यायालय नव्हतंच’ हे दुसरं. मेसेज दुसरं सांगतो.

पहिला मुद्दा: ‘ही कत्तल नव्हती. युद्धक्षेत्रातील लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले.’

नकाशा काढा. रशियाची आघाडी पूर्वेला, एर्झुरुम-व्हानकडे. मग अंकाराचे आर्मेनियन का हलवले? बुर्साचे, इझमितचे, कोन्याचे का? हे सगळं पश्चिमेला किंवा मध्यभागी, आघाडीपासून शेकडो मैल लांब. आणि ‘सुरक्षित स्थळ’ कुठलं? देर-एझ-झोर, सीरियाचं वाळवंट. तिथवर बायका-पोरांना पायी नेलं, कारण पुरुषांना बहुतेक ठिकाणी गावाबाहेर नेऊन आधीच मारलं होतं. त्राब्झोनला तर लोकांना होड्यांत घालून काळ्या समुद्रात बुडवलं. त्याचाही खटला त्याच न्यायालयात चालला. आणि जे कसेबसे देर-एझ-झोरला पोचले, त्यांना १९१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर काढून मारलं. सुरक्षित स्थळी पोचलेल्यांना!

नुसतं हलवायचंच होतं, तर लिजे तालुक्याचा अधिकारी हुसेन नेसिमी याचा खून का झाला? त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने हुकूम पाळायला टाळाटाळ केली. अंकाराचा वली म्हणजे गव्हर्नर मझहर बे ऐकेना म्हणून त्याला काढलं. आधी अलेप्पोला आणि मग कोन्याला वली असलेल्या जेलाल बेने जमेल तितकं अडवून धरलं, त्यालाही दूर केलं. हे तिघेही तुर्की अधिकारी, मुसलमान, सरकारी नोकर. यांची नावं मेसेजात येत नाहीत, कारण ती आली की ‘तुर्कांची बदनामी’ हे रडगाणं चालत नाही.

आकडा हवाय? खुद्द गृहमंत्री तलात पाशाची वही घ्या. ती त्याच्या बायकोने जपली आणि २००८ मध्ये मुराद बार्दाकची या तुर्की पत्रकाराने छापली. आर्मेनियन लोकसंख्या युद्धाआधी १२,५६,०००. हद्दपारीनंतर २,८४,१५७. वजाबाकी भाचीने केली: ९,७१,८४३. यातले सगळेच मेले असं नाही. काही रशियात पळाले. काही मुली-मुलं बळजबरीने धर्म बदलून दुसऱ्यांच्या घरात गेली. मृतांचा आकडा सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगतात आणि त्यावर अभ्यासक भांडतात, खुशाल भांडोत. पण दोन वर्षांत जवळपास दहा लाख माणसं हिशेबातून गायब झाल्याचं ज्याने लिहून ठेवलं, त्यानेच ती हलवली होती.

दुसरा मुद्दा बंडाचा. व्हानमध्ये एप्रिल १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांनी शस्त्रं उचलली, हे खरं. रशियाच्या बाजूने आर्मेनियन स्वयंसेवक तुकड्या लढल्या, हेही खरं. पुढे रशियन सैन्य मागे फिरलं तेव्हा एर्झिंजान, एर्झुरुमकडे आर्मेनियन टोळ्यांनी मुसलमान गावकऱ्यांना मारलं, तेही खरं, आणि ते लपवणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. पण व्हानमध्ये बंदूक उचलली म्हणून बुर्सातल्या शिंप्याच्या बायकोला वाळवंटात पाठवायचं, हे कुठल्या युद्धशास्त्रात बसतं?

तिसरा मुद्दा खोट्या फोटोंचा. कवट्यांच्या ढिगाचं ते चित्र फोटो म्हणून फिरवतात, ते खोटंच आहे. ते वेरेश्चागिन या रशियन चित्रकाराचं १८७१ चं तैलचित्र, त्याचा आर्मेनियाशी काही संबंध नाही. दिला हा मुद्दा. पुढे?

सहावा: ‘जेनोसाइड हा शब्दच १९४४ चा.’ बरोबर, राफाएल लेमकिनने तो घडवला आणि घडवताना आर्मेनियनांचं उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे होतं. शब्दाआधी गुन्हा नसतो म्हणायचं, तर मग गुरुत्वाकर्षणही न्यूटननंतरच सुरू झालं असेल.

सातवा: ‘हा सगळा पाश्चात्त्यांचा कट.’ ब्रिटन, फ्रान्स, रशिया शत्रू होते, त्यांना ऑटोमनांची बदनामी हवीच होती, मान्य. पण जर्मनी तर ऑटोमनांचा दोस्त! त्याच दोस्ताचा इस्तंबूलमधला राजदूत वांगेनहाइम याने ७ जुलै १९१५ ला बर्लिनला कळवलं, की साम्राज्यातला आर्मेनियन वंश नष्ट करणं हाच सरकारचा हेतू आहे. त्यानंतर आलेल्या राजदूताने जाहीर निषेधाचा आग्रह धरला, तेव्हा चान्सलर बेथमान होल्वेगने डिसेंबरात शेरा मारला: युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तान आपल्या बाजूला राहिला पाहिजे, मग आर्मेनियन मरोत वा न मरोत. दोस्तांच्या फायलीतला हा कागद मला सगळ्या शत्रूंच्या जाहिरनाम्यांपेक्षा जड वाटतो.

आणि साक्षीदार गोरेच होते असंही नाही. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांना शरण गेली ती ब्रिटिश-हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर नेलं. तेच रास-अल-ऐन, जिथे आर्मेनियनांची मोठी छावणी होती. त्या कैद्यांपैकी शिशिर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाने आर्मेनियनांच्या हालांबद्दल बंगालीत लिहून ठेवलंय. आपल्या साताऱ्या-रत्नागिरीच्या शिपायांनी काय पाहिलं, ते बहुतेक त्यांच्याबरोबरच गेलं.

आता पाचवा मुद्दा. भाचीला खरा पटला तो हाच: ‘हे खरे असते तर एक स्वाभिमानी राष्ट्र शंभर वर्षे नाकारत का राहिले असते?’

अगं, खरं आहे म्हणूनच! खोटं असतं तर एवढा खर्च कशाला केला असता?

त्या फाशी दिलेल्या केमालचं पुढे काय झालं बघ. १९२२ मध्ये सुलतानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या अंकाराच्या नव्या संसदेने त्याला ‘राष्ट्रीय हुतात्मा’ ठरवलं. तीन वर्षांत गुन्हेगाराचा हुतात्मा. १९१५ मध्ये हद्दपारीचं खातं सांभाळणारा शुक्रू काया हा नव्या प्रजासत्ताकाचा गृहमंत्री झाला आणि १९३८ पर्यंत राहिला. बितलिस आणि अलेप्पोचा वली असलेला अब्दुलहालिक रेंदा अर्थमंत्री झाला, पुढे संसदेचा अध्यक्ष. नवं घर बांधायला जुनेच वासे वापरले होते. ते कुजके आहेत म्हणायचं तर घर उतरवावं लागतं.

आणि घर हा शब्द मी नुसता अलंकार म्हणून वापरत नाही. १९१५ मध्येच ‘सोडून गेलेल्या मालमत्ते’चे कायदे झाले. माणसं हाकलायची आणि मग घर ‘सोडून गेले’ म्हणायचं! दुकानं, मळे, गिरण्या, चर्चच्या जमिनी वाटल्या गेल्या. अंकारातलं चांकाया, प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्कपासून पुढे अनेक राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, ते मुळात एका आर्मेनियन कुटुंबाचं होतं. गावोगावी हेच, लहान प्रमाणात. आपल्याकडे बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथे आजोबांनी घेतलेला मळा कुणाचा होता, हे नातवाने उठून विचारायचं? काही घरांत तर आजीच आर्मेनियन होती, आणि ते ती मरेपर्यंत कुणी मोठ्याने बोललं नाही. सरकार नाकारतं त्याला धोरण असतं, लोक नाकारतात त्याला सातबारा असतो.

तलातला १९२१ मध्ये बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने गोळी घातली. १९४३ मध्ये तलातच्या अस्थी नाझी जर्मनीने सन्मानाने तुर्कस्तानला पाठवल्या, आणि इस्तंबूलच्या स्वातंत्र्य-स्मारकाच्या टेकडीवर त्याला पुरलं. तिथे टूर नेत नाहीत बहुतेक. पूर्वेला इगदिरला १९९९ मध्ये उंच स्मारक उभं केलं: आर्मेनियनांनी मारलेल्या तुर्कांचं, आणि त्याच्या नावातच ‘वंशसंहार’ आहे. स्वतःसाठी तो शब्द चालतो.

गाइडला दोष देत नाही, त्याला बोलायला किती जागा आहे? तुर्की दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली ‘तुर्कत्वाचा अपमान’ केल्याबद्दल ह्रांत डिंक या आर्मेनियन वंशाच्या पत्रकाराला २००५ मध्ये शिक्षा झाली, आणि १९ जानेवारी २००७ ला ‘आगोस’ या त्याच्या साप्ताहिकाच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. पण त्याच्या अंत्ययात्रेला एक लाखाहून जास्त लोक इस्तंबूलच्या रस्त्यावर उतरले, ‘आम्ही सगळे आर्मेनियन’ असे फलक घेऊन. त्यातले बहुतेक तुर्क होते. ‘स्वाभिमानी राष्ट्र’ म्हणताना त्यांना पण मोजा, काका.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भाचीने विषय बदललेला नाही, फक्त पाच मिनिटांत बसवायचं कसं म्हणून वैतागली आहे. काकांनी रात्री उशिरा दोन जोडलेले हात पाठवले आणि खाली लिहिलं, “सावकाश वाचतो. पण मुलगा खरंच फार चांगला होता गं, काकूची बॅग शेवटपर्यंत त्यानेच उचलली.”