दगडाला चुंबक चिकटला म्हणून ते लोहखनिज होत नाही

‘घरबसल्या खनिज ओळखा’ छापाचे मेसेज अधूनमधून फिरत असतात. त्यांतली चार विधानं ठरलेली: पिवळा चमकतो तो सोन्याचा दगड, चुंबक चिकटला तरच लोहखनिज, ॲसिड टाकून फेस आला तर आत धातू, आणि सह्याद्री ज्वालामुखीचा, म्हणजे त्याच्या पोटात सगळे धातू असणारच. एकेक घेऊ.

पिवळी चमक. आधी त्यावर टाचणी टोचा. सोनं मऊ, टोचलं की खळगा पडतो, भुगा होत नाही. पायराइटवर (सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज) चाकूचाही ओरखडा उठत नाही आणि हातोडी मारली की त्याचा चुरा होतो. त्याचे स्फटिक पुष्कळदा फाशासारखे चौकोनी असतात. मग फरशीच्या टाइलची खरखरीत, बिनचकाकीची पाठ घ्या आणि त्यावर दगड घासा. उमटलेल्या रेघेला भूविज्ञानात कस म्हणतात. सोन्याचा कस पिवळाच, पायराइटचा हिरवट काळा. नदीच्या वाळूत चमचमणारे कण तर बहुधा अभ्रकाचे. पाण्यात हलवले की ते तरंगत निघून जातात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते तळ सोडत नाही.

चुंबकाचं विधान दोन्ही बाजूंनी फसतं. गडचिरोलीतल्या सुरजागडचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असतं, तरी साधा चुंबक त्याला जेमतेम ओढतो. मेसेज वाचणारा माणूस उत्तम लोहखनिज फेकून देईल! उलट आपल्या काळ्या फत्तरात, म्हणजे सह्याद्रीच्या थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकात, मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला चांगला चुंबक त्याच्याकडे कलतो. म्हणून कोणी त्याची खाण काढत नाही. इथेही टाइलच कामाची. पोलादासारखा काळसर, चकाकता हेमॅटाइट घासला तरी रेघ लालसर तपकिरी येते. मॅग्नेटाइटची काळी. मँगनीजचा पायरोलुसाइटही काळीच रेघ देतो, पण त्याने बऱ्याचदा बोटं काळी होतात.

ॲसिडचा फेस बहुतेक वेळा कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याचा. शेतातल्या चुनखडीलाही येतो. बाथरूम धुवायचं ॲसिड त्यासाठी वाया घालवू नका, डोळ्यांत उडालं तर वेगळंच.

आता सह्याद्री. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्यात लोह आहेच, साधारण दहा टक्के, पण सगळ्या खडकात विखुरलेलं. खनिज म्हणून खाण तेव्हा चालते, जेव्हा निसर्गाने धातू एका जागी गोळा केलेला असतो. सुरजागड, सिंधुदुर्गातलं रेडी आणि गोव्याचं लोखंड २०० कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात थरांनी साचलं. नंतर पाणी मुरून त्यातली सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) विरघळून गेली आणि लोह उरलं. विदर्भातल्या मनसर, डोंगरी बुजुर्गचं मँगनीजही मुळात गाळाचंच, पुढे दाब आणि उष्णतेने बदललेलं. कोलारचं सोनं खडकाच्या भेगांमधून फिरणाऱ्या गरम पाण्याने गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत आणून ठेवलं. यांतलं काहीही दख्खनच्या लाव्ह्यातून आलेलं नाही.

अपवाद एक आहे आणि मेसेजवाल्याला तो ठाऊक नसावा: कोल्हापूरच्या सड्यांवरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवरचं बॉक्साइट, ॲल्युमिनियमचं खनिज. ते या फत्तराचंच आहे, पण ज्वालामुखीने दिलेलं नाही. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका, चुना, सोडा धुऊन नेला आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं.